साधी झाडं आधी

झाडं मरत नव्हती, आणि बाईंनी त्यापायी डोक्यात राख घालून घेतली होती.

सगळी मरायला नकोच होती, निम्मीच हवी होती. खोली नंबर एकमधली तीस रोपं मरावीत, खोली नंबर दोनमधली तीस जगावीत, असा साधा सरळ बेत होता. दोनमधली ठरल्याप्रमाणे जगत होती. पण एकमधलीही जगत होती, आणि नुसती जगत नव्हती तर बाईंच्या नाकावर टिच्चून नवी पालवी काढत होती. सफरचंदाच्या संशोधन केंद्रात अकरा वर्षं काढलेली, हजारो रोपांच्या पानांत आपल्या हातानं रोग पेरलेली बाई, आणि तिला तीस साधी रोपं मारता येईनात. खाटकाच्या दारात बकरी म्हातारी व्हावी, तसलाच प्रकार.

केंद्रात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कात्रीबाई’. रोग पेरायची रीत कात्रीची होती. कात्री जंतूंच्या पाण्यात बुडवायची आणि कोवळ्या पानाचं टोक कापायचं. म्हणून ते नाव, असं ठेवणारे सांगत. पण हातातली कात्री संध्याकाळी खुंटीला लागायची आणि तोंडातली चालूच राहायची, हे सफाईवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रयोग असा होता. करप्याचा जंतू पानात शिरला की सफरचंदाचं झाड अंगातल्या अंगात एक संप्रेरक तयार करतं, सॅलिसिलिक ॲसिड. ते शिराशिरांतून फिरतं आणि झोपलेल्या जनुकांना उठवतं. जनुकं उठली की जंतूंना मोडून काढणारी प्रथिनं तयार व्हायला लागतात. पण सफरचंद मुळात सुस्त झाड. त्याची जनुकं उठून डोळे चोळेपर्यंत शेंडा काळा पडून छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला असतो. बाईंचं म्हणणं एवढंच, की रोग यायच्या तीन दिवस आधी संप्रेरक बाहेरून द्या, म्हणजे चोर यायच्या आधीच घर जागं. म्हणून दोन नंबरच्या खोलीत लाल झारीतून संप्रेरकाचं पाणी, एक नंबरच्या खोलीत पांढऱ्या झारीतून साधं पाणी, आणि मग सगळ्यांना सारखीच कात्री. साधी मेली आणि औषधाची जगली, तर औषध खरं. दोन्ही जगली तर औषधानं जगली की आपल्या मर्जीनं, हे कोण सांगणार?

दोन तुकड्या अशा वाया गेल्या होत्या. सहा महिन्यांनी समिती बसणार होती. बाईंची जागा अकरा वर्षं कच्ची, दर वर्षी नवा कागद, नवी सही. या वेळी एक तर पक्की, नाही तर नमस्कार, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

बाईंची शिस्त मात्र अशी, की तिच्यापुढे कुणी बोट दाखवावं अशी फट नव्हती. खोलीच्या दारावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘साधी झाडं आधी, औषधाची नंतर’. कारण औषधाच्या झाडांना हात लावून साध्यांकडे गेलं, तर हातावरून औषध तिकडे जायचं. सकाळी साडेसातला बाई येत, साबणानं हात धूत आणि थेट एक नंबरमध्ये शिरत. आतली ओल टिकावी म्हणून दार घट्ट बंद. हातमोज्यांनी कोवळे शेंडे मोडतात, म्हणून उघड्या बोटांनी एकेक पान उचलायचं, मोजायचं, वहीत टिपायचं. तासाभरानं दोन नंबर. अकरा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. पुढे जे झालं ते गबाळ्या माणसाच्या हातून झालंच नसतं, त्याला बाईंएवढीच शिस्त लागते.

आणि बाईंच्या अंगात मऊपणा म्हणून जो काही होता, तो सकाळी साडेसहा ते सात एवढाच. घरी म्हातारी आई. तिचे गुडघे सुजून नारळाएवढे झालेले. रोज सकाळी बाई पलंगाच्या कडेला बसून कोपरापर्यंत बाह्या सारत आणि आईचे दोन्ही गुडघे मलम लावून अर्धा तास चोळून देत. त्या वेळात कात्री चालत नसे. आई म्हणे, “तुझ्या हाताला गुण आहे गं.” बाई म्हणत, “हाताला नाही, मलमाला.” एवढाच काय तो रोजचा लाड.

तिसऱ्या तुकडीला कात्री लावायच्या आधी बाईंनी एक नंबरमधली पानं मशीनवर तपासली. संरक्षणाची जनुकं टक्क जागी होती. रोग आलाच नव्हता, नुसतं साधं पाणी मिळालेलं, तरीही जागी. म्हणजे संप्रेरक कुठून तरी पोचलंच होतं. आणि संप्रेरक या इमारतीत एकाच ठिकाणी होतं, लाल झारीत. मग झारी कुणाच्या हातात, एवढाच प्रश्न उरला.

झारी झारीमामांच्या हातात असे. खरं नाव हजेरीपटावर सोडून कुठेच नव्हतं. बावीस वर्षं रोपांना पाणी घालणारा माणूस, आवारातल्या खोलीत बायको, मुलगा, सून आणि नातीसह राहणारा. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि बसा म्हटलं नाही.

“मामा, पांढरी झारी कुणाची?”

“साध्यांची. लाल औषधाची.” मामा हसले. “बाई, म्हातारपणी परीक्षा घेता होय?”

“कधी चुकलात?”

“नाही.”

“आठवून सांगा.”

“आठवायचं काय त्यात? मंगळवारी घातलं पाणी. पांढरी चारदा भरली. सात नंबरच्या कुंडीची चिठ्ठी उलटी लागलेली, ती सरळ केली. एकोणीसला मुंगी होती, फुंकून टाकली. मग हात धुतले. मग लाल.”

बाईंना हे खरं वाटलं. तेच तर गैरसोयीचं होतं.

“शपथेवर सांगाल? आयुष्यात एकदाही, चुकूनसुद्धा, झारी बदलली नाही म्हणून?”

खोटारडा असता तर पटकन शपथ घेऊन मोकळा झाला असता. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “शपथेवर म्हणजे... माणूस आहे, बाई. शपथेवर कसं सांगू?”

बाईंनी पेनचं टोपण काढलं. ‘चूक झाली असण्याची शक्यता सदर कर्मचाऱ्याने स्वतः मान्य केली’ असं त्यांनी लिहिलं, आणि वाक्य व्याकरणाला धरून असल्याची खात्री करून घेतली.

साहेबांनी कागद वाचून हसू दाबलं. “म्हणजे झारीतले शुक्राचार्य सापडले म्हणायचे!” चौकशी होईपर्यंत मामांना घरी बसवलं.

पुढच्याच सोमवारी बाई दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला परगावी गेल्या. आईला मावशीकडे ठेवलं. नवी तुकडी त्याच दिवशी आली होती, ती त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या किडेतज्ज्ञांच्या हवाली केली. हा गृहस्थ कुंडीत चहाचा चोथा टाकणारा, त्याचा बाईंना भरवसा नव्हता, पण दुसरा कुणी रिकामा नव्हता. त्यानं बाईंच्या यादीबरहुकूम पाणी घातलं, बाईंच्या यादीबरहुकूम कात्री लावली आणि बारावे दिवशी फोन केला: “तुमची साधी झाडं गेली हो! तीसच्या तीस. शेंडे कोळसा झालेत. दोन नंबरमध्ये सगळं हिरवं.”

बाईंना रडू फुटलं, अगदी आनंदाचं. मग त्यांनी डोळे पुसले आणि साहेबांना फोन लावला. “बघा. मामा गेले आणि झाडं मरायला लागली. याहून मोठा पुरावा काय हवा?”

याहून मोठा पुरावा कुणी मागितलाही नाही. कावळा बसला आणि फांदी तुटली, आणि विज्ञानाच्या केंद्रात चार शिकल्यासवरलेल्या माणसांनी फांदीचा दोष कावळ्याच्या नावे लावला. त्या दोन आठवड्यांत केंद्रातून दोन माणसं गेली होती, एक मामा आणि एक बाई. दुसऱ्या माणसाची आठवण कुणालाच झाली नाही, बाईंनाही नाही. मामांना कामावरून कमी केलं आणि पंधरा दिवसांत खोली सोडायला सांगितलं. कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’. मामा सामान हलवताना एक नंबरच्या खिडकीपाशी आले आणि काचेतून काळे शेंडे बराच वेळ बघत राहिले, असं किडेतज्ज्ञ सांगत होते.

समितीला मात्र एक तुकडी पुरत नव्हती, तीन हव्या होत्या. बाईंनी पुढची लावली. आई घरी परतली होती, सकाळचा अर्धा तास पुन्हा सुरू झाला होता. साडेसातला हात धुऊन बाई एक नंबरमध्ये. साधी झाडं आधी. दहा दिवसांनी बघतात तो तीसही रोपं ठणठणीत. झारी आता नव्या माणसाच्या हातात होती, आणि लाल झारीचं कपाट कुलपात होतं, किल्ली बाईंच्या गळ्यात.

त्याच आठवड्यात शेतकी कॉलेजची मुलं केंद्र बघायला आली. दर वर्षी यायची, आणि दर वर्षी बाई त्यांना तेच व्याख्यान देत. त्यातला शेवटचा भाग हमखास टाळ्यांचा होता. झाडं एकमेकांना सावध कशी करतात? हेच संप्रेरक थोडं रूप बदलून हवेत उडतं, शेजारच्या झाडाच्या पानात शिरतं आणि तिथे पुन्हा मूळ रूपावर येऊन जनुकं उठवतं. “आता हा हवेतला निरोप तुम्ही सगळ्यांनी हुंगलेला आहे,” असं म्हणून बाई खिशातून गुडघ्याच्या मलमाची डबी काढत, झाकण उघडून पहिल्या बाकाकडे देत. “यात तोच आहे. आजीच्या खोलीचा वास!” मुलं हसत.

या वर्षी बाईंनी डबी काढली, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, वास तर तुम्ही आत आलात तेव्हापासूनच येतोय.”

मुलं हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी आपला हात नाकाशी नेला आणि त्यांना काहीच वास आला नाही. कसा येणार? रोजच्या वासाला नाक मेलेलं होतं. साबणानं मलमाचा चिकटपणा जात होता, वास जात नव्हता. तो हातावर, बाह्यांवर, कोपरांवर घेऊन बाई रोज सकाळी, ताजा ताजा, बंद खोलीत साध्या झाडांपाशी तासभर बसत होत्या. साधी झाडं आधी. अकरा वर्षं ज्या निरोपाबद्दल त्या व्याख्यानं देत होत्या, तो निरोप त्याच पोचवत होत्या.

त्यांनी व्याख्यान पूर्ण केलं. टाळ्याही घेतल्या.

दुपारी त्यांनी दोन काचपेट्या घेतल्या. एकीत रोप आणि मलमाचा बोळा, दुसरीत रोप आणि कोरा बोळा. तीन दिवसांनी पानं मशीनवर लावली. मलमाच्या पेटीतली जनुकं टक्क जागी, दुसरीतली गाढ झोपेत. बाईंनी तो कागद फाडला. तुकडे केराच्या टोपलीत टाकले, मग परत वेचून घरी नेले आणि बेसिनमध्ये जाळले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे कुणी बाईंची उगाच कीव करायला नको. खरं सांगून टाकलं असतं तर प्रयोगाचं काहीही बिघडणार नव्हतं. बाई गावाला असतानाची तुकडी चोख होती, उलट चूक कुठे होती ते सापडल्यानं तिची किंमत वाढलीच असती. बिघडणार होतं ते बाईंचं नाव. ज्या बाईनं दारावर शिस्त लिहून ठेवली, तिनंच ती खोली नासवली आणि शिक्षा पाणी घालणाऱ्याला दिली, हे कॅन्टीनमध्ये चहाबरोबर चघळलं गेलं असतं. तरी त्या साहेबांच्या दारापर्यंत गेल्या होत्या. साहेबांनी मान वर करून विचारलं, “मामांचं प्रकरण मिटलं ना एकदाचं?” बाई म्हणाल्या, “मिटलं,” आणि परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पाय पुढे केले. बाई दारातच उभ्या राहिल्या.

“हाताला ॲलर्जी झालीय. डॉक्टर म्हणाले, मलमाला शिवायचं नाही.”

“बरं. मग डबी इकडे दे. मीच लावते, जमेल तसं.”

“नको. घरातच नको तो वास.” बाईंनी डब्या गोळा करून पिशवीत भरल्या. आईला गरम पाण्याची पिशवी दिली. आठवडाभर म्हातारी रात्री कण्हत होती. एके दिवशी तिनं हळूच विचारलं, “माझं काही चुकलं का गं?” बाई म्हणाल्या, “प्रत्येक गोष्टीत तुझंच काही असतं का?” त्यानंतर आईनं विचारलं नाही.

साधी झाडं मात्र पटापटा मरू लागली. पुढच्या दोन्ही तुकड्यांत तीसच्या तीस. समितीनं काळ्या शेंड्यांचे फोटो हातोहात फिरवले. बाईंची जागा पक्की झाली. दारावर नवी पाटी लागली, ‘प्रमुख शास्त्रज्ञ’. साहेबांनी पेढ्यासारखं गोड भाषण केलं आणि त्यात शुक्राचार्यांचा विनोद पुन्हा सांगितला. सगळे हसले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाईंनी उघडलं तर झारीमामा. तीन जिने चढून धाप लागलेली. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर चुकून लावलेली.

“आत नाही येत, बाई. एकच विचारायचं होतं.” त्यांनी श्वास घेतला. “झाडं आता नीट मरतात का?”

“मरतात.”

“साधी सगळी?”

“तीसच्या तीस.”

मामांनी मान डोलावली. “म्हणजे मीच.”

बाईंनी दाराची कडी धरून ठेवली.

“त्याचं काय आहे, बाई, मला सगळं डोळ्यांपुढे दिसतं. पांढरी चारदा भरली, चिठ्ठी सरळ केली, हात धुतले, मग लाल. स्वच्छ दिसतं. पण झाडं खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच सांगायच्या. म्हणजे मला जे दिसतं तेच खोटं. म्हणजे डोकं गेलं माझं.” ते हे अगदी साधेपणानं सांगत होते, रोपाला कीड लागल्याचं सांगावं तसं. “आता कशाचाच भरवसा वाटत नाही. गॅस बंद केला की चारदा उठून बघतो. किल्ल्या बायकोकडे दिल्यात. नातीला शाळेत सोडायला जायचो, तेही सोडलं. वाटेत कुठं विसरून आलो तर काय घ्या?”

“बायको काय म्हणते?”

“ती काय म्हणणार! ती म्हणते, तुमचं डोकं शाबूत आहे, बाईच चुकल्या असतील.” मामा ओशाळून हसले. “बायकांचं काय मनावर घ्यायचं. पण एक रोपवाटिकावाला बोलावतोय पाणी घालायला. ती म्हणते, जा. मला धीर होत नाही. म्हणून आलो. तुम्ही नक्की सांगा. मी चुकलोच होतो ना? नाही म्हणालात तर उद्या कामावर जातो. हो म्हणालात तर डॉक्टरकडे. या दोन्हींच्या मधलं काही झोपू देत नाही बघा.”

जिन्यात कुणी नव्हतं. समिती झाली होती, जागा पक्की होती, कुणाच्या बापाला आता ती काढून घेता येणार नव्हती. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो बाईंच्या ओठांपर्यंत आला होता, हेही खरं. पण त्यांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, की हा माणूस ऐकल्यावर शिव्या देणार नाही, भांडणार नाही. हा सुटल्यासारखा हसेल. जिना उतरता उतरता हसेल, घरी जाऊन बायकोला सांगून हसेल, उद्या केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याला सांगेल, ‘अरे, मलम होतं, बाईंच्या हाताचं मलम!’ आणि सगळं केंद्र हसेल. शिव्या बाईंनी खाल्ल्या असत्या. हसू त्यांना सोसणार नव्हतं.

“चुकला होतात, मामा,” त्या म्हणाल्या.

मामांनी डोळे मिटले आणि उघडले. खांदे खाली आले. “बरं झालं सांगितलंत. सुटलो.” मग खिसा चाचपून त्यांनी एक घडी घातलेला कोरा कागद काढला. “एवढं लिहून द्याल? दोनच ओळी. बायको माझं ऐकत नाही, तुमची सही बघून गप्प बसेल. नाही तर रोज टोचत राहणार, कामावर जा म्हणून. दुसऱ्याची झाडं आहेत, बाई. माझ्या हातून मेली तर?”

बाईंनी कागद घेतला. भिंतीला टेकवून दोन ओळी लिहिल्या. तारीख घातली, सही केली, आणि सहीखाली, सवय अजून झाली नव्हती म्हणून जरा थांबून, ‘प्रमुख शास्त्रज्ञ’ असं लिहिलं.

मामांनी तो दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला, आईला नमस्कार सांगा म्हणाले आणि कठडा धरून उतरायला लागले. बाई दार लावायचं सोडून ऐकत राहिल्या. मामा पायऱ्या मोजत होते. एक, दोन, तीन, अशा मोठ्यानं. सातवर ते थांबले. मग पावलं परत वर आली, पहिल्या पायरीपर्यंत, आणि मामांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.